गायमुखच्या रानातला हिरवा कोळी

१० सप्टेंबर १९७८, रविवार

आज पुन्हा दिसला. लागोपाठ तीन रविवार दिसतो आहे, म्हणून ही वही विकत आणली. शाळेच्या टाचणवहीत कोळ्यांबद्दल लिहिलं तर हेडमास्तर श्यामराव लाल शाई फिरवतील.

जागा: गायमुखच्या वाटेवर नाला लागतो, त्याच्या पलीकडची झुडपं. आंधळगावाहून सायकलीनं दीड तास. कोळी तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. अंग कोवळ्या रोपासारखं हिरवं, डोळ्यांभोवती बारीक पांढरी कड. हा भटका कोळी आहे. म्हणजे जाळं विणून बसून राहणारा नव्हे, पानापानांवर हिंडून शिकार धरणारा. तपकिरी भटके मी पुष्कळ पाहिले आहेत, पाचोळ्यात असतात. हिरवा माझ्या पुस्तकात नाही.

बाबा असते तर हसले असते. कोष्ट्याचा जन्म, सारं आयुष्य मागावर गेलं. म्हणाले असते, "अरे तुलाराम, आपन विननारे लोकं, अन् तू न विननाऱ्या मकडीच्या मागं कायले लागला?"

दोन वर्षांपूर्वी हेडमास्तरकी माझ्या हातून गेली, नोकरीत माझ्या सहा वर्षं मागे असलेल्या श्यामरावांना मिळाली. तेव्हापासून रविवारी घरात बसवत नाही एवढं खरं.

१७ सप्टेंबर, रविवार

आठ हिरवे, पाच तपकिरी जिवंत आणले. हिरव्यांच्या शिश्यांना हि-१ ते हि-८ अशा चिठ्ठ्या लावल्या, तपकिरींना त-१ ते त-५. एकत्र ठेवले तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाची शिशी वेगळी. तोंडाला मलमलीचा तुकडा आणि सुतळी.

माझी बायको बेबी दारातच उभी राहिली. "सैपाकाच्या खोलीत नोका आनू. अन् माह्या लोनच्याच्या बरनीले हात लावला तर पाहा मंग."

लावला नाही. संध्याकाळी तिनंच माळ्यावरून चार रिकाम्या शिश्या धुऊन दिल्या. म्हणाली, "फुटल्या तर फुटल्या."

१ ऑक्टोबर, रविवार

आज दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी मारून नेली होती. कोळी दिसला की जमिनीपासून किती उंच ते मोजायचं. जंगलखात्याचा नाकेदार भैय्यालाल सोबत होता. त्याला वाटलं मी झाडं मोजतो आहे, वरून काही हुकूम आला असावा. खरं सांगितलं तेव्हा तो नाल्याच्या काठावर बसून पोट धरधरून हसला. पण मग दोरीचं दुसरं टोक त्यानंच धरलं.

हिरवे एक्केचाळीस मोजले. सगळे झुडपांवर, गुडघ्यापासून छातीपर्यंत. ऊन चढलं की पानाच्या खालच्या अंगाला जातात. जमिनीवर एकही नाही.

तपकिरी एकोणतीस. सगळे पाचोळ्यात किंवा झाडाच्या बुंध्याशी, हातभर उंचीच्या आत. झुडपावर एकही नाही.

एकाच रानात, एकमेकांच्या डोक्यावर-पायाखाली राहतात आणि एक दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकत नाही. यावरून दोन जाती वेगळ्या हे मला पुरेसं वाटतं. कलकत्त्याच्या संग्रहालयातले डॉ. लाहिडी कोळ्यांचे जाणकार आहेत. त्यांना सविस्तर पत्र लिहिलं. तीन वेळा फाडून चौथ्यांदा पेटीत टाकलं.

एका गोष्टीचा उलगडा होत नाही. हिरव्यांत पूर्ण वाढलेला एकही सापडत नाही. नर मोठा झाला की तोंडापुढच्या दोन आखूड पायांच्या टोकांना गोळे येतात, ते कुणालाच नाहीत. मोठे हिरवे बहुधा उंच शेंड्यावर राहत असावेत. तपकिरींचं उलट. सगळे थोराड, पिल्लू एकही नाही. त्यांची पिल्लं पाचोळ्यात खोल असणार.

१४ ऑक्टोबर, शनिवार

कलकत्त्याचं पत्र आलं! इंग्रजीत टाइप केलेल्या पाच ओळी. "आपलं निरीक्षण लक्षवेधी आहे. पूर्ण वाढलेला हिरवा कोळी पाहिल्याशिवाय काही सांगता येणार नाही. मिळाल्यास स्पिरिटमध्ये घालून पाठवावा. वाट पाहतो."

'वाट पाहतो' हे शब्द मी इतक्या वेळा वाचले की बेबी म्हणाली, "अजी, घडीवर फाटून राह्यला तो कागद."

शाळेत श्यामरावांना दाखवायला नको होतं. पण दाखवलं. त्यांनी दोनदा वाचून खिशात घातलं. म्हणाले, "मास्तर, हे मोठं काम आहे. नवीन जात म्हणजे नाव लागते. गावाचं नाव लागलं तर?" मी म्हटलं, अजून कशात काही नाही. ते म्हणाले, "होईन ना."

१९ नोव्हेंबर, रविवार

मोठा हिरवा शोधायला भैय्यालाल सागावर चढला. मी नको म्हणत होतो. अर्ध्या झाडावर लाल मुंग्यांनी गाठला. तो ज्या वेगानं उतरला त्या वेगानं कुणाला झाडावरून उतरताना मी पाहिलेलं नाही. बंडी काढून नाल्यात बसला आणि तिथून ओरडला, "मास्तर, वरतं तुमची मकडी नाई. वरतं माह्या सासऱ्याचं गनगोत आहे."

सहा झाडं पाहिली. शेंड्यावर काही नाही.

घरचे: त-१, त-२, त-५ मेले. म्हातारे झाले होते, पाय ओढत होते. त-३ही गुरुवारी हलेना. शिशी तशीच फळीवर ठेवली आहे, खाली दगड-पाचोळा आहे तो टाकायला वेळ झाला नाही. हिरवे आठही ठणठणीत, दोनदा कात टाकून मोठे झाले. मोठा हिरवा रानात मिळत नसेल तर घरातच वाढवीन. हे आधी कसं सुचलं नाही?

३ डिसेंबर, रविवार

हि-४ आजारी वाटतो. हिरवा रंग फिका पडून पिवळट झाला, पाठीवर तांबूस ठिपके. चार दिवस माशी टाकतो, धरत नाही. सगळ्यांत मोठा हाच, माझी सारी भिस्त याच्यावर. पाणी कमी पडलं असेल म्हणून मलमल ओली केली. बेबीला सांगून ठेवलं, मी शाळेत असताना दुपारी एकदा पाहत जा.

६ डिसेंबर, बुधवार

हि-४ पळाला. शाळेतून आलो तर शिशी रिकामी, सुतळी सैल. बेबी म्हणते, मलमल ओली करायला सोडली आणि बांधताना नीट बसली नाही. मी घरभर शोधलं, पाट उचलले, चुलीमागचं लाकूड काढलं. बोललो काही नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असेल. ती संध्याकाळीच अंथरूण टाकून पडली. विचारलं तर म्हणाली, "डोकं दुखते."

एका कोळ्यासाठी बायकोला दुखवलं असं वाटून मलाच वाईट वाटलं.

९ डिसेंबर, शनिवार

गंमत झाली. त-३ मेलेलाच नव्हता! फळीवरची शिशी टाकायला घेतली तर पाचोळ्याखालून तुरुतुरु बाहेर आला. उपासानं पार आकसला आहे, पूर्वीच्या निम्मा दिसतो. पण रंग चांगला उजळ तपकिरी, माशी टाकल्याबरोबर झडप घातली. धडा घेतला की कोळी निपचित पडला म्हणून मेला समजू नये. बेबीला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, "बरं झालं बाई, जगला," आणि लगेच आत गेली.

२४ डिसेंबर, रविवार

नको ते झालं. श्यामरावांनी नागपूरच्या वर्तमानपत्राच्या वार्ताहराला गाठून बातमी दिली. आज छापून आली. "आंधळगावच्या शिक्षकाचा शोध: कोळ्याची नवी जात." डॉ. लाहिडींची पाच ओळींची चिठ्ठी बातमीत 'मान्यता' झाली आहे.

खोटं कशाला लिहू, आधी घाम फुटला आणि मग आनंद झाला. बातमी चार वेळा वाचली. बाजारात लोक थांबवून विचारतात. सरपंच टिकारामजींनी दुकानातून उठून हात मिळवला.

ग्रामपंचायतीनं ठरवलं आहे, २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर माझा सत्कार. शिक्षण खात्याचे साहेब भंडाऱ्याहून येणार. श्यामरावांचा हिशेब वेगळा आहे. आमच्या शाळेला विज्ञानाची खोली नाही, साहेबांचं मन प्रसन्न असताना अर्ज पुढे करायचा. त्यात त्यांचा स्वार्थ नाही, मी त्यांना नावं ठेवणार नाही.

महिनाभरात एखादा हिरवा पूर्ण वाढेल. मग सगळं नियमात बसेल.

७ जानेवारी १९७९, रविवार

रानात पानं वाळायला लागली. झुडपं विरळ. हिरवे फक्त पाच दिसले, पाचही पिवळट. कसला तरी रोग आला असावा. तपकिरींची पिल्लं मात्र आज पहिल्यांदा सापडली! मध्यम आकाराची, पाचोळ्यात, तासाभरात सतरा. इतके दिवस ती कुठे होती देव जाणे.

घरी हि-२ आणि हि-७ पिवळे पडले आहेत. आणखी दोन गेले तर दाखवायला काय राहील?

भैय्यालाल म्हणाला, "मास्तर, तुमी खूश नाई दिसत." मी म्हटलं, थकलो.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला येणारा प्रत्येक जण शिश्या पाहून जातो. श्यामराव भाषण पाठ करत आहेत. कोळ्याचं लॅटिन नाव ठेवतील त्यात आंधळगाव कसं बसेल, ते उच्चारून दाखवा म्हणाले. मी विषय बदलला.

बेबी म्हणाली, "सत्कार पुढं नाई का ढकलता येत?" मी म्हटलं, तुला नको वाटतो का? ती म्हणाली, "तसं नाई," आणि तिळाच्या वड्या कापत राहिली.

२२ जानेवारी, सोमवार



सकाळी सात वाजता हि-७ ची शिशी पाहिली. कोळी मलमलीला आतून पाठ खाली करून लटकलेला. पाठीवरची कातडी फाटत होती. मी शाळेला दांडी मारली. सव्वीस वर्षांत पहिली. स्टूल घेऊन बसलो. अर्ध्या तासात तो कातीतून पाय ओढून बाहेर आला. ओला, मऊ, कोवळ्या लाकडासारखा फिका. हिरवा रंग कुठेच नाही. मी म्हटलं, सुकल्यावर येईल.

साडेनऊला पाठीवर तपकिरी पट्टा उमटला. साडेदहापर्यंत सगळं अंग तपकिरी. अकराला तो शिशीच्या काचेवरून खाली उतरला आणि तळाच्या सुक्या पानाखाली जाऊन बसला. चार महिने तो त्या शिशीत होता आणि चार महिने वरच्या डहाळीवरून एकदाही खाली आला नव्हता.

भिंग घेऊन अजून तग धरून असलेला त-४ शेजारी ठेवला. डोळ्यांची मांडणी तीच, पायांवरचे काटे तेच, डोळ्यांभोवतीची पांढरी कडसुद्धा तीच, तपकिरीवर ती अंधूक दिसते म्हणून मी कधी पाहिली नव्हती.

एकच कोळी आहे. लहानपणी हिरवा, झुडपावर. वाढला की तपकिरी, पाचोळ्यात. मोठा हिरवा कोळी जगात नाहीच. म्हणून तो सापडत नव्हता. हिरवे 'आजारी' पडत नव्हते. माझ्या वहीत हे सगळं तारीखवार लिहिलेलं आहे. सप्टेंबरपासून मीच लिहिलं आणि मलाच दिसलं नाही.

शुक्रवारी सत्कार आहे.

२३ जानेवारी, मंगळवार

काल बेबीला काही सांगितलं नव्हतं. आज सकाळी चहा ठेवताना ती हि-७ च्या शिशीसमोर थांबली. बराच वेळ थांबली. मग खाली बसली आणि पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तुमी पाह्यलं?"

मी म्हटलं, "पाहिलं. पण तुला कसं ठाऊक?"

"चारनंबरवाला पळाला नोयता. त्या दुपारी माह्यासमोर कात टाकली त्यानं. मी चुलीवरची भाजी उतरवली अन् पाहतच राह्यली. जसं जसं ऊन भिंतीवरून सरकलं तसं तसा तो भुरा होत गेला. मले समजलं. मंग मी त्याले तीनच्या शिशीत टाकलं. तिथला तं मेला होता, मी उकीरड्यावर टाकला."

मला राग यायला हवा होता. मी एवढंच विचारलं, "काहून?"

"तुमी हसून राह्यले होते." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "दोन वर्सं झाले, तुमी घरात आले की भिंतीकडं पाहून जेवत. या मकड्या आल्या अन् तुमी बोलाले लागले. मले वाटलं, बाकीचे सात आहेत, त्यातला एखादा हिरवाच राहीन. मले काय मालूम बापा, सगळ्यायचंच तसं असते म्हनून. अन् मंग पेपरात आलं. तवापासून मले अन्न गोड लागलं नाई."

ती रडायला लागली. मीही तिथेच जमिनीवर बसलो. चहा उतू गेला. आणि काय झालं कोण जाणे, मला एकदम हसू आलं. त-३ ! उपासानं आकसलेला त-३! मी तिला वहीतलं ते पान वाचून दाखवलं. आधी ती आणखी रडली, मग रडता रडता हसायला लागली. पुष्कळ दिवसांत आम्ही असे हसलो नव्हतो.

पण शुक्रवार तसाच आहे.

२५ जानेवारी, गुरुवार

श्यामरावांना शाळा सुटल्यावर गाठून सांगितलं. ते खुर्चीत मागे रेलले. रागावले नाहीत, तेच जड गेलं.

"कोणाकोणाले मालूम आहे?"

"मला आणि बेबीला."

"मंग उद्याचा दिवस दाबून ठेवा, मास्तर. साहेब येतीन, अर्ज घेतीन, जातीन. परवा तुमी कलकत्त्याले काय लिवाचं ते लिवा. चूक तं कोनाचीबी होते. पन्नास वर्सं झाले शाळेले, पोरं अजून वऱ्हांड्यात परीक्षानळी पाहतेत."

मी म्हटलं, विचार करतो. खरंच करतो आहे. ते चूक बोलत नाहीत. एक दिवस गप्प बसल्यानं कुणाचं काय बिघडतं? कोळ्याचं तर नक्कीच नाही.

बेबीला विचारलं. ती म्हणाली, "मी एकदा लपवून पाह्यलं. मले जमलं नाई. तुमाले जमते का पाहा."

२६ जानेवारी, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

झेंडावंदन झालं. मंडपात चारेकशे माणसं. साहेब आले होते, मधल्या खुर्चीवर. श्यामरावांचं भाषण झालं, 'जगाच्या नकाशावर' वगैरे. सरपंचांनी शाल घातली, नारळ दिला. टाळ्या वाजल्या आणि मला बोलायला उभं केलं.

आदल्या दिवसापर्यंत ठरलं नव्हतं, उभं राहीपर्यंतही नाही. समोर बायकांत बेबी बसली होती. तिनं काही खूण केली नाही. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते असं: "मंडळी, नवा कोळी नाही. माझी चूक झाली. मी ज्याला नवा समजलो तो जुन्याचंच पिल्लू आहे. सोमवारी माझ्या डोळ्यांसमोर तो हिरव्याचा तपकिरी झाला."

मी खांद्यावरची शाल काढून घडी करायला लागलो, घडी नीट होईना.

तेवढ्यात मागून आवाज आला. शकुनबाई, सत्तरीची म्हातारी, आमच्याच आळीतली, अजून रेशमाच्या कोशाचं सूत काढते. "मास्तर, मंग ते लहानपनी हिरवी कायले राहाते?"

मी म्हटलं, "झुडपावर राहते ना, मावशी. हिरव्या पानावर हिरवी असली की पाखराला दिसत नाही."

"अन् मंग खालतं कायले येते?"

"पानं गळतात ना आता. झुडपावर लपायला पान नाही. खाली सगळा सुका पाचोळा. तिथे हिरवी राहिली तर लगेच दिसेल."

"म्हन्जे तिले पयलेच मालूम राहाते का, पानं गळनार म्हनून?"

"माहीत नाही," म्हटलं. त्यावर मंडपात चार बाजूंनी बोलणं सुरू झालं. एक शेतकरी उठून म्हणाला, भाताच्या बांधीतला हिरवा टोळही धान पिकलं की भुरा होतो. दुसरा म्हणाला तो टोळच वेगळा. भैय्यालाल उभा राहून मुंग्यांची हकीकत सांगू लागला, त्याला कुणी खाली बसवलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मला वाटलं निघाले. ते म्हणाले, "गुरुजी, एखादा पाहायला मिळेल का?"

घरी पन्नास-साठ माणसं आली. हि-२ अजून पिवळा होता, हि-१ हिरवा, हि-७ तपकिरी. तिन्ही शिश्या ओट्यावर ओळीनं मांडल्या. लोक रांगेनं वाकून पाहत होते. कुणीतरी बेबीला काही विचारलं आणि ती सांगायला लागली, पहिला कसा बदलला, ऊन भिंतीवर कुठे होतं तेव्हा कुठला पट्टा उमटला. साहेब ऐकत उभे होते. मला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं.

सगळे गेल्यावर श्यामराव एकटे ओट्यावर बसून राहिले. मी शाल त्यांच्यापुढे ठेवली. ते म्हणाले, "ठेवा, थंडी आहे." मग थोड्या वेळानं, "एका अर्थानं सुटलोच, मास्तर. ते लॅटिन नाव मले जमलंच नसतं."

आम्ही दोघं हसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना मी आत बोलावून जेवायला वाढलं.

छातीवरचा दगड उतरला म्हणतात ते मी पोरांना निबंधात लिहू देत नाही. पण तसंच वाटतं आहे.

११ फेब्रुवारी, रविवार

डॉ. लाहिडींना सगळं लिहिलं. तारखांसकट आणि माझ्या चुकांसकट. वर्तमानपत्राचं कात्रणही ठेवलं, लपवण्यात अर्थ नाही. पत्रात हि-४ पाशी अडलो. त्याचा रंगबदल मी पाहिलेला नाही, माझं हि-७ चं निरीक्षण त्यानंतरचं. सहा डिसेंबरची नोंद बेबीची आहे. तिला पुन्हा विचारून एकेक तास लिहून काढला. तिनं घड्याळ पाहिलं नव्हतं, पण भिंतीवर ऊन कुठे होतं ते सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी दुपारी खडूनं खुणा करून वेळा काढल्या. दोन महिन्यांत ऊन थोडं सरकलं असणार, तेही लिहिलं.

भंडाऱ्याहून हुकूम आला. विज्ञानाची खोली नाही, एक कपाट मंजूर. काचेचं. श्यामरावांनी त्याची जागा आजच मोजून ठेवली.

१९ मार्च, सोमवार

कलकत्त्याचं उत्तर. या वेळी हातानं लिहिलेलं, चार पानं. अक्षर वाकडं आहे, वय झालेलं दिसतं. बेबीला मराठी करून वाचून दाखवलं. मुख्य तेवढं उतरवतो.

"१९३८ साली मध्य प्रांतातून मला एक हिरवा भटका कोळी बाटलीतून आला. एकच, अर्धवट वाढलेला. मी तरुण होतो, घाई होती. नवी जात म्हणून त्याला नाव दिलं. नंतर चाळीस वर्षं दुसरा आला नाही, मोठा तर कधीच नाही. मनात शंका होती. आपलं पहिलं पत्र आलं तेव्हाच मी तो ओळखला. पण आपल्या डोळ्यांत माझी शंका भरवायची नव्हती, म्हणून फक्त मोठा हिरवा मागितला. तो नाही असं आपण दाखवलंत. माझी जात आता मी स्वतः रद्द करणार आहे. हे काम माझ्या हयातीत झालं याचा मला किती आनंद आहे ते आपल्याला कळणार नाही."

पुढे लिहिलं आहे, टिपण निरीक्षणं करणाऱ्या दोघांच्या नावानं छापावं. सहा डिसेंबरचं निरीक्षण करणाऱ्या बाईंचं पूर्ण नाव कळवावं.

बेबी म्हणाली, "म्हन्जे लोकं नवी जात काढतेत, अन् तुमी असलेली एक कमी केली?"

"आपण दोघांनी," मी म्हटलं.

"बापा!" ती म्हणाली. मग, "त्या डॉक्टरले वाईट वाटलं असन का?"

मी तिला त्यांच्या आनंदाचं वाक्य पुन्हा वाचून दाखवलं.

१९ ऑगस्ट, रविवार

या वहीत पाच महिने काही लिहिलं नाही. परीक्षा, सुट्टी, धानाची रोवणी, शाळा. कोळी नव्हते, होते ते आपापल्या जागी रानात होते.

आज बेबी माझ्याबरोबर गायमुखच्या रानात आली. लग्नाला अठरा वर्षं झाली, सायकलीच्या कॅरिअरवर तिला याआधी मी एकदाच बसवलं होतं, मोहाडीच्या दवाखान्यात नेताना. नाल्याला पाणी होतं, भैय्यालालनं हात धरून पलीकडे नेलं आणि तो आपल्या फेरीवर गेला.

मी नेहमीच्या झुडपापाशी वाकून पाहत होतो. काही दिसेना. ती मागे कुठे राहिली म्हणून वळलो, तर एका बुंध्यापाशी पाचोळ्यात मांडी घालून बसली होती. मी जवळ गेलो. तिनं तोंडावर बोट ठेवलं.

पाचोळ्यातून खसखशीएवढी पिल्लं बाहेर पडत होती. फिकी, जवळजवळ पारदर्शक. एक थांबायचं, पुढचे पाय हवेत फिरवायचं, मग गवताच्या पात्यावर चढायचं. पात्यावरून डहाळीवर. डहाळीवरून पानावर. पानावर चढलं की तिथेच बसायचं. कुणी त्यांना वाट दाखवत नव्हतं. आई कुठे दिसली नाही.

"यायले अजून रंगच नाई," ती हळूच म्हणाली.

"येईल. वर पोचल्यावर."

"बोलू नोका."

लुगडं ओलं होत होतं तरी ती हलली नाही. मीही तिच्या शेजारी बसलो. मोजायची दोरी सायकलीला तशीच राहिली. अर्धा-पाऊण तास आम्ही दोघं एकाच गोष्टीकडे बघत होतो.

शेवटचं पिल्लू पानावर पोचलं तेव्हा ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "चला, भूक लागली."